खुर्ची आणि घमेलं

पुण्याहून नाशिकला जाताना आळेफाटा मागे पडला, की बोट्यापासून चंदनापुरी घाटाच्या माथ्यापर्यंत जो उघडाबोडका मुलूख लागतो, त्याला संगमनेर तालुक्यात नुसतं ‘पठार’ म्हणतात. रस्ता रुंद झाल्यापासून तो बघता बघता संपतो. घाट उतरून प्रवरेच्या काठाला आलं की ऊस, डाळिंब, टोमॅटो असं हिरवं शिवार सुरू होतं. वर मात्र मुरूम आणि खडक. पश्चिमेला घाटघर-भंडारदऱ्याकडे दर पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या या पठाराच्या वाट्याला पाचशेच्या आतबाहेर येतो, आणि तोही मोजक्याच सरींत. बाकीचे ढग डोक्यावरून निघून जातात.

या पठारावरच्या एका लहान गावात मी मे महिन्यात गेलो होतो, एका कॅथलिक धर्मगुरूंबरोबर एक अख्खा दिवस राहायला. गावाचं आणि त्यांचं नाव लिहीत नाही. पुढे ज्या घरांच्या गोष्टी येतील, ती घरं त्यावरून लगेच ओळखू येतील. त्यांना मी फादरच म्हणेन. गावातले हिंदू शेजारीही तेच म्हणतात. वय पंचेचाळिशीचं, राहुरीकडच्या शेतमजुराच्या घरातला जन्म, बोलणं अस्सल नगरी. त्यांच्याकडे बारा-पंधरा वाड्यावस्त्या आहेत. नाशिक धर्मप्रांत १९८७ साली पुण्यापासून वेगळा झाला. नगरपासून थेट नंदुरबारपर्यंत त्याचा पसारा, आणि माणसं विखुरलेली. एका गावात दहा ख्रिस्ती घरं, पुढच्यात चार, त्याच्या पुढच्यात एकच. अशा ठिकाणी माणसं चर्चला येतील म्हणून वाट बघत बसून चालत नाही, चर्चलाच माणसांकडे जावं लागतं. हे जाणं मला पाहायचं होतं.

“सकाळी टेकडी, मग भेटी, संध्याकाळी जपमाळ,” फादरांनी फोनवर सांगितलं होतं. “बूट जाड तळाचे घाला.”

पहाटे साडेपाचला आम्ही टेकडीवर होतो. मे महिन्यात पठारावर श्रमदान करायचं तर ते नऊच्या आत आटपावं लागतं. नंतर टिकावाचं लोखंड हाताला चटके देतं. चाळीसेक माणसं जमली होती. त्यांतली ख्रिस्ती निम्म्याहूनही कमी. बाकी मराठा, धनगर, दोन मुसलमान भाऊ, आणि सुट्टीत मामाच्या गावी आलेली पोरं. केरळातून येऊन वीसेक वर्षं याच भागात नर्सचं काम करणाऱ्या सिस्टरही पदर खोचून घमेलं उचलायला उभ्या होत्या. त्यांचं मराठी फादरांइतकंच नगरी झालेलं आहे.

काम होतं जुने चर उपसण्याचं. या टेकडीवर मागच्या पिढीने सलग समतल चर खणले होते. उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे, दोन फूट रुंद आणि फूट-दीड फूट खोल. पावसाचं पाणी वेग घ्यायच्या आत त्याला चरात बसवायचं आणि जमिनीत मुरवायचं, एवढाच त्यामागचा विचार. चरातून निघालेली माती उताराच्या बाजूला टाकून तिची वरंबी करतात, तिच्यावर गवताचं बी पेरतात, सीताफळ लावतात. सुरुवात कायम माथ्यावरून. खालच्या ओढ्यात कितीही पक्का बंधारा बांधा, वरून गाळ येत राहिला तर थोड्याच पावसाळ्यांत तो मातीने भरतो. म्हणून ‘माथा ते पायथा’. हे सूत्र आता गावोगावच्या भिंतींवर रंगवलेलं दिसतं. पण चरही बुजतातच. गुरं चढतात, कडा ढासळतात, पावसाबरोबर माती येते. पाणलोटाचं काम संपलं म्हणून फोटो काढून झाले की पुढची उपसणी कोणी करायची, हे बहुतेक गावांत ठरलेलं नसतं. इथे ते ठरलेलं आहे, आणि माझ्या मते या गावाचं खरं यश तेच आहे.

एका ठिकाणी मात्र चर पार नाहीसा झाला होता. तिथे नव्याने आखणी करायची होती. एक म्हातारे धनगर आजोबा त्यांची ए-फ्रेम घेऊन पुढे आले. दोन बांबू वर एकत्र बांधलेले, मध्ये आडवी पट्टी, शेंड्यापासून सोडलेल्या सुतळीला दगड. दगडाची सुतळी पट्टीवरच्या खुणेवर आली की बांबूचे दोन्ही पाय एका पातळीत आहेत असं समजायचं. एक पाय रोवायचा, दुसरा फिरवत योग्य जागा शोधायची, तिथे खूण करायची, मग मागचा पाय पुढे. मागून एक पोरगा खुणांवर फक्की टाकत येत होता. पहाटेचा वारा होता. ओळंबा सारखा झुलायचा. आजोबा तो तळहातानं थांबवायचे, अलगद सोडायचे, श्वास रोखून बघायचे आणि परत थांबवायचे.

“घाई केली तर पानी एका अंगाला पळतं,” ते म्हणाले. “मंग त्येच चर फोडतं. आपुनच त्याला वाट करून दिल्यावानी व्हतं.”

या भागात चर आणि धर्मगुरू यांचं नातं जुनं आहे. हरमन बाखर नावाचे स्विस जेझुइट १९४८ साली भारतात आले आणि नगर जिल्ह्यात त्यांनी आयुष्य घातलं. लोक त्यांना बाखरबाबा म्हणायचे. आधी विहिरी, मग १९७२च्या दुष्काळात कामं, आणि त्यातून हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की विहीर खोल करत जाण्यापेक्षा तिच्या वरची टेकडी दुरुस्त केली पाहिजे. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम त्यांच्या खटपटीतून उभा राहिला, आणि १९९३ साली फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था काढली. संगमनेर तालुक्यातलीच दरेवाडी त्या कामामुळे नावारूपाला आली. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, मग निधी. ही अट धर्म विचारत नव्हती. बाखरबाबा २०२१ साली गेले. टेकडीवरच्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाला ते आठवत होते. त्यांनी काय उपदेश केला हे कोणी सांगितलं नाही. भर उन्हात टेकडीवर चढून ते चराची खोली काठीने मोजायचे, हे मात्र तिघांनी वेगवेगळं सांगितलं.

आमची रांग लागली. खाली चरात चौघं टिकावाने गाळ मोकळा करत होते, दोघं खोऱ्याने घमेली भरत होते, आणि घमेली हातोहात वरच्या वरंबीकडे जात होती. रांगेत फादर आणि मी यांच्यामध्ये एक बाई होती. पन्नाशीची, सडसडीत, डोक्याला घट्ट बांधलेला फडका. दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते आणि पाडव्याच्या सुमारास परत येते. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग घमेलं फादरांकडे देता देता म्हणाली, “फादर, एक इचारू का?”

“विचारा की, मावशी.”

“हे पानी आपुन आडवतोय. ते मुरून उतरनार कुनाच्या हिरीत?”

फादरांनी घमेलं पुढे दिलं. लगेच उत्तर दिलं नाही.

“माझ्या नावावर तर चुलीयेवढी बी जमीन न्हाई,” ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. “आडवू नका असं न्हाई म्हनत मी. आपली इचारते.”

“खरं आहे,” फादर म्हणाले. “ज्यांच्या विहिरी खालच्या अंगाला आहेत त्यांना आधी.”

रांग चालूच राहिली. पुढचं घमेलं आलं. पण त्यानंतर फादर बराच वेळ गप्प होते.

हा प्रश्न पाणलोटाचं काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो, आणि सभांमध्ये तो क्वचितच निघतो. माथ्यावर घाम गाळतात ते बहुधा ज्यांना दुसरीकडे रोजगार नाही ते. पाझर मिळतो तो पायथ्याला ज्याची जमीन आहे त्याला. पाणी वाढलं की त्याला दुसरं पीक, त्यावर बागायत, त्यावर एखादी बोअर. भूमिहीनाला काय मिळतं? गावात मजुरी वाढते हे खरं, चाऱ्यामुळे एखादी शेळी जास्त पाळता येते हेही खरं. पण पाण्यावर हक्क येत नाही. पठारावरच्या ख्रिस्ती घरांपैकी बहुतेकांची जमीन नावापुरती आहे किंवा नाहीच. म्हणून त्या बाईचा प्रश्न फादरांच्या थेट काळजाला लागला.

नऊ वाजता अवजारं ठेवली. भाकरी, हुलग्याचे शेंगोळे आणि कांदा खाऊन फादरांच्या मोटारसायकलवर मागे बसून आम्ही भेटींना निघालो. सिस्टर रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आधीच पुढे गेल्या होत्या.

पहिल्या घरात शिरलो तशी खुर्ची आली. दुसऱ्या घरात खुर्ची नव्हती, तर एक मुलगा धावत शेजारून लाल प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला. सगळ्या घरांत तेच. फादर खुर्चीवर, मी खाटेवर, घरातली माणसं जमिनीवर किंवा दाराला टेकून उभी. “जय ख्रिस्त, फादर.” “जय ख्रिस्त. कसं काय?” “बरं हाय, देवाची कृपा.” मग कोणाचं लग्न जमतंय, कोणाला नोकरी मिळावी, यासाठी प्रार्थना. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती. शेजारी त्याच खिळ्यांच्या ओळीत बाबासाहेबांची तसबीर. घरावर पवित्र पाण्याचे चार थेंब. कोरा चहा. पुढचं घर.

खाली बसलं तर चालणार नाही का, असं मी वाटेत विचारलं. “दोन-तीनदा बसून पाहिलं,” फादर म्हणाले. “घरच्यांना फार लागलं. त्यांच्या बापजाद्यांना गावात कोणी पाट दिला नव्हता. आता आपल्या घरात पाहुण्याला खुर्ची देता येते, याचा त्यांना मान वाटतो. तो मी कसा मोडू? पण खुर्चीवर बसलं की सगळं बरंच असतं. कर्ज नसतं, दारू नसते, सुनेशी भांडण नसतं. घरातलं खरं मला टेकडीवर नाहीतर गोठ्यात कळतं.”

चौथ्या की पाचव्या घरात नव्वदीला टेकलेली एक आजी होती. नजर जवळजवळ गेलेली. फादरांनी तिच्यासाठी कम्युनियन आणलं होतं. प्रार्थना झाली, तिने ते घेतलं, आणि आशीर्वादासाठी डोक्यावर ठेवलेला फादरांचा हात खाली ओढून दोन्ही हातांत धरला. अंगठ्याने तळवा चाचपला. एका जागी थांबली.

“फोड आलाय. टिकाव धरला व्हय आज?”

“हो, आजी.”

“दांड्याला वरून धरू नको. मधी धर, आन् डावा हात सरकता ठेव.” मग बोलतच राहिली. बहात्तर सालच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. पोर पाठीशी बांधलेलं, हातात हातोडी, समोर मोजून दिलेला दगडाचा ढीग. खायला मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी, आणि पोरांना सुकडी. हात असे झाले होते की भाकरी थापताना पिठाला रक्त लागायचं. हे ती रडत सांगत नव्हती. कामाचं ज्ञान असलेला माणूस नवशिक्याला सांगतो तसं सांगत होती. सून दारातून म्हणाली, “हे तर आमाला बी कवा सांगितलं न्हाई.” फादर खुर्ची सोडून कधी तिच्या अंथरुणाशी बसले, ते माझ्याही लक्षात आलं नाही.

नगर जिल्ह्यातला ख्रिस्ती धर्म दुष्काळातून वर आला, असं हिणवून बोललं जातं. पोटासाठी बाटले, असं. या बोलण्याचा मला मनापासून राग येतो. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत आले, १८३१ला नगरला ठाणं झालं; पुढे कॅथलिक आले, आधी जर्मन, नंतर स्विस. माणसं मोठ्या संख्येने त्यांच्याकडे वळली ती १८७६ ते १८७८च्या दुष्काळाच्या आसपास, हे खरं आहे. पण ती कोण माणसं होती? ज्यांना गावच्या विहिरीवर चढायची बंदी, ज्यांच्या पोरांना शाळेच्या ओट्याखाली बसवायचे, दुष्काळात ज्यांच्या तोंडचा घास सगळ्यांत आधी जायचा, ती. भुकेल्याने जेवण देणाऱ्याकडे जावं यात लाजायचं काय? त्याला उपाशी ठेवणाऱ्यांनी लाजावं. आणि नुसत्या धान्यासाठी गेलेली माणसं धान्य पिकल्यावर परत आली असती. ही सहा-सात पिढ्या राहिली. त्यांनी आपला धर्म आपल्या बोलीत ओतून घेतला. ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, नगरला आणि राहुरीला राहिले. टाळ-मृदंगावरची त्यांची भजनं पंथ न बघता आजही घराघरांत म्हटली जातात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ सगळ्या महाराष्ट्राने वाचली. पण त्यातल्या नगर-राहुरीच्या धुळीत आजही माणसं राहतात, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

पुढच्या घरात एक मुलगी होती, बारावी झालेली, नर्सिंगला जायचं म्हणणारी. आईने खुर्चीसमोर कागदांची पिशवी उघडली. फीच्या सवलतीचं अडलं होतं. अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशानुसार तो दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात त्यांना इतर मागासवर्गात धरतात. चुलत्याचं घर बौद्ध आहे. त्याच्या मुलाला जी शिष्यवृत्ती मिळते ती या मुलीला नाही. आजोबा एक, वस्ती एक, गावातल्या लोकांच्या नजराही एकच. “मग आमची जात बदलली का फक्त कागद बदलला?” मुलीने विचारलं. फादरांनी कागद लावून दिले, इतर मागासवर्गाच्या दाखल्याला काय काय लागतं ते लिहून दिलं, एका ट्रस्टला पत्र द्यायचं कबूल केलं. प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, आणि त्यांनी ते असल्याचा आव आणला नाही.

दुपारचे दोन तास कडक उन्हात गेले. फादर एका ओसरीवर पडले आणि तत्काळ झोपले.

चारनंतर वारा सुटला. वळवाची चिन्हं होती. वस्तीच्या कडेला एका विधवा बाईचं घर आहे, साठीच्या आसपासच्या. मुलगा पुण्याकडे कंपनीत असल्याचं त्या सगळ्यांना सांगतात. त्यांच्या घराचे पत्रे मागच्या वावटळीत उचकटले होते. फादरांनी संगमनेरहून जे-हुक आणि डांबरी वायसरांची पिशवी आणली होती. खुर्ची याही घरात आली, पण ते बसले नाहीत. शिडी लावली आणि वर चढले.

पत्रा बसवणं दिसतं तितकं सोपं नाही. भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगट भागात नाही, नाहीतर तिथूनच गळतं. हुक खालच्या लोखंडी पाइपाला अडकवून वर काढायचा, त्याच्यावर आधी डांबरी वायसर, मग पत्र्याचं, मग नट. नट जास्त आवळला तर पत्रा दबतो आणि भोवती पाणी साचतं. कमी आवळला तर वाऱ्याने खडखडतो आणि भोक मोठं होतं. मी वर हुक देत होतो. बाई खाली शिडी धरून उभ्या. फादरांचं तोंड पलीकडे, हातात पाना, पाठ बाईंकडे. दोन पत्रे झाले. तिसऱ्याच्या वेळी बाई एकदम बोलायला लागल्या.

मुलगा कंपनीत नाही. कंपनी सुटून दीड वर्ष झालं. तो कुठे आहे ते नक्की माहीत नाही. कर्ज घेतलेलं आहे, आणि वसुलीची माणसं इथे येऊन गेली. गावात कोणाला सांगितलं नाही, चर्चमध्ये तर नाहीच. “मागच्या म्हैन्यात तुमी आले तवा तुमच्यासमोर बसले व्हते. तोंडातून निघालं न्हाई.”

फादरांनी पाना थांबवला नाही. “किती दिवसांत फोन नाही?” त्यांनी विचारलं. “शेवटचा कुठून होता?” “पैसे कोणाकडून घेतले?” एकेक प्रश्न एकेका नटाच्या अंतराने. बाई उत्तरं देत गेल्या. शेवटचा नट बसला तोवर भोसरीच्या एका मित्राचा नंबर निघाला होता, वसुलीवाल्यांनी दिलेली चिठ्ठी निघाली होती, आणि ती चिठ्ठी नीट वाचल्यावर कर्ज आईच्या नावावर नाही एवढं तरी स्पष्ट झालं होतं. फादर खाली उतरले तेव्हा बाईंचे डोळे कोरडे होते. त्यांनी आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि फादरांच्या हातांवर घातलं.

याआधी मी मिशनऱ्यांच्या सेवेबद्दल जे वाचलं होतं, त्यात सेवा ही पुढच्या कशाची तरी पायरी असे. दवाखाना काढला, म्हणून माणसं ऐकू लागली. शाळा काढली, म्हणून विश्वास बसला. टीकाकारही त्याच पायरीवर बोट ठेवतात. त्या शिडीशी उभं राहून मला ते दोन्ही अपुरं वाटलं. पत्रा बसवणं ही भेटीची प्रस्तावना नव्हती. तीच भेट होती. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांत एक देणारा असतो आणि एक घेणारा, आणि घेणाऱ्याला आपली लाज झाकावी लागते. एकच काम दोघांच्या हातात असलं की नजर कामावर राहते, आणि माणूस तेवढ्या वेळापुरता मोकळा होतो. पहाटे ऊसतोडीच्या बाईने जे विचारलं, ते तिने घरात खुर्चीसमोर कधी विचारलं असतं असं मला वाटत नाही.

मे महिना मरियेचा. रोज संध्याकाळी एकेका घरी जपमाळ असते. त्या दिवशी पाळी होती वस्तीच्या मधल्या घराची. दूध डेअरीला घालून माणसं जमत गेली. जपमाळ झाली, टाळ निघाले, दोन भजनं झाली, पोरांना खडीसाखर मिळाली. मग अंगणातच सतरंजीवर उद्याच्या कामाचं बोलणं सुरू झालं. श्रमदानाला येणारे हिंदू शेतकरीही आले होते. इथे खुर्ची नव्हती.

फादरांनी सकाळचा प्रश्न सगळ्यांसमोर मांडला. ऊसतोडीच्या बाईचं नाव घेतलं नाही, पण ती समोरच बसली होती. मग म्हणाले, वस्तीच्या सार्वजनिक विहिरीच्या वर ओढ्यात जो माती नाला बांध आहे, त्याचा सांडवा मागच्या पावसात खचला आहे. त्या विहिरीवर कोणा एकाचा सातबारा नाही. भूमिहीन घरं तिच्यावरच आहेत, आणि एप्रिलपासून ती कोरडी पडली की टँकर. उद्यापासून आधी तो सांडवा धरू.

खालच्या शिवारातला एक शेतकरी म्हणाला, “फादर, पण चर अर्धे राहिले तर? तुम्हीच सांगता, माथ्यापासून खाली यायचं. वळीव झाला तर उपसलेली माती परत चरात.” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ए-फ्रेमवाल्या आजोबांनी दुसरी बाजू मांडली: सांडवा असाच राहिला तर पहिल्या मोठ्या पाण्यात पाणी बांधावरून जाईल आणि अख्खा बांध घेऊन जाईल. चर गेला तर परत उपसता येतो. बांध गेला तर पुन्हा कोण बांधून देणार?

बराच वेळ खल चालला. शेतकऱ्याने दोनदा नकार दिला, एकदा उठूनही गेला आणि तंबाखू मळत परत येऊन बसला. शेवटी ठरलं ते असं: तरणी पोरं आणि ज्यांच्या विहिरी खाली आहेत ते वरचे चर पुरे करतील, बाकीचे सगळे सांडव्यावर. दगड लागतील ते शेतकरी आपल्या ट्रॅक्टरने आणून टाकेल, डिझेल त्याचंच. त्याच्या बदल्यात सांडवा झाला की वस्तीवरची माणसं दोन दिवस वर चरावर येतील.

“आन् सांडव्यावर मोजमाप कोन करनार?” ऊसतोडीच्या बाईने विचारलं.

“तुम्ही करा,” फादर म्हणाले. “आजोबा दाखवतील.”

तिने आजोबांकडे बघितलं. आजोबांनी तंबाखूची पिचकारी टाकली आणि म्हणाले, “पाचला ये. वारा सुटायच्या आत आखून घिऊ. पहारी किती हायेत?”

तीन, कोणीतरी म्हणालं. एक शेजारच्या वाडीवर गेलेली आहे.

“मंग ती आजच आना,” आजोबा म्हणाले.